वेर्ण्याच्या वेल्फेअर ऑफिसातून पायथनकडे: सीएस५०पी कोर्सचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते. हार्वर्डचा सीएस५०पी, म्हणजे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारा फुकट ऑनलाइन कोर्स, माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, आणि अर्धा का कापला ते पुढे येईलच. कॉलेजच्या पोरांसाठी या कोर्सचे रिव्ह्यू ढिगानं पडलेत, म्हणून हा मी लिहितेय तो तिशी-चाळिशीतल्या लोकांसाठी, जे एचआरमध्ये आहेत, नर्सिंगमध्ये आहेत, हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहेत, दिवसभर माणसांशी बोलायचं काम करतात आणि ज्यांना वाटतं की सॉफ्टवेअरमध्ये गेलो तर आजवरचा सगळा अनुभव पाण्यात. माझं मत एकदम उलट आहे. तो अनुभव हातात असेल तरच या कोर्सचा पुरेपूर फायदा होतो, आणि हेच मला सांगायचंय.

माझं थोडक्यात. डिचोलीची मी, वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत वेल्फेअर ऑफिसर होते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी, १९४८ च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर ठेवणं बंधनकारक केलं, ती पोस्ट तिथून आली. कँटीन, पाळणाघर, फर्स्ट एड, रेस्ट रूम, बसची तक्रार, कोणाच्या नवऱ्याचं दारूचं, कोणाची पाळी सुरू असताना नाईट, कोणाला सुपरवायझर बोलला, सगळं आमच्या टेबलावर येतं. मला ते काम मनापासून आवडायचं. सोडायचं कारण काम नव्हतं, कारण हे होतं की एकच दुखणं मी पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि त्याचं मूळ एका एक्सेल शीटमध्ये होतं, शिफ्टच्या रोस्टरमध्ये, आणि त्या शीटला हात लावायची अक्कल माझ्याकडे नव्हती. लाइनवरच्या बायका यायच्या, म्हणायच्या ताई डोकं जड आहे, ताई चिडचिड होते, पोरांवर ओरडते मी विनाकारण. मी समुपदेशन करायचे, पाणी द्यायचे, डॉक्टरकडे पाठवायचे, आणि पुढच्या आठवड्याचं रोस्टर परत तसंच लागायचं.

तर कोर्स. डेव्हिड मालन नावाचे प्रोफेसर शिकवतात, २०२२ चा कोर्स आहे, शून्य ते नऊ असे दहा आठवडे आणि शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट. आठवडे म्हणतात खरे पण घाई कोणी करत नाही, तुमच्या सोयीनं करा, चवथीला पंधरा दिवस सगळं बंद ठेवा, चालतं. एडएक्स नावाच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर पैसे भरून व्हेरिफाइड सर्टिफिकेट मिळतं, पण सीएस५० वाल्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट फुकट आहे, प्रत्येक प्रॉब्लेम सेटला ७० टक्के किंवा जास्त मार्क आणि प्रोजेक्ट सबमिट, बस. मी फुकटवालंच घेतलं आणि मुलाखतीत कोणी त्यावरून एक शब्द विचारला नाही, त्यामुळे माझा सल्ला हाच की ते पैसे एखाद्या बऱ्या खुर्चीला लावा, पाठ आयुष्यभर लागणार आहे.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. ब्राउझरमध्येच व्हीएस कोड, म्हणजे कोड लिहायचं अॅप, उघडतं, तिथेच लिहायचं, तिथेच चालवायचं, आणि चेक५० म्हणून एक कमांड आहे ती तुमचा प्रोग्राम तपासून हिरवी नाहीतर लाल हसरी-रडकी तोंडं दाखवते. माझा लॅपटॉप जुना, भावानं टाकून दिलेला, पंखा विमानासारखा ओरडतो, तरी काम झालं. पावसात लाइट गेली तरी केलेलं काम तिकडे सेव्ह असतं, मोबाइलच्या नेटवर परत जोडलं की पुढे चालू. डिचोलीत जुलै महिन्यात अभ्यास करणाऱ्याला याची किंमत कळेल.

पहिले तीन आठवडे, म्हणजे शून्य, एक आणि दोन, अगदी निवांत आहेत. फंक्शन, व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप. पहिल्या आठवड्यात एक प्रश्न आहे की माणसानं टाइप केलेलं सगळं लहान अक्षरात करून परत द्या, म्हणजे ओरडून लिहिलेलं हळू आवाजात. दोन-तीन ओळींचं काम, पण ते चाललं तेव्हा मी खरंच उठून चहा टाकला आणि नवऱ्याला बोलावून दाखवलं. अशी छोटी छोटी यशं या कोर्सनं फार जाणूनबुजून पेरलेली आहेत. मोठ्या वयात शिकणाऱ्याला रोज थोडं तरी जमलं असं वाटणं फार गरजेचं असतं, कारण दिवसभर ऑफिसात तुम्ही जाणकार असता आणि रात्री इथे एकदम पहिलीत.

मग तिसऱ्या आठवड्यापासून चढ लागतो. एक्सेप्शन्स, म्हणजे माणूस नको ते टाइप करेल तेव्हा प्रोग्रामनं गळपटू नये, त्याला शांतपणे परत विचारावं. हा आठवडा मला माझ्या जुन्या कामाइतका ओळखीचा वाटला. फॉर्म भरताना माणसं काय काय करतात हे जिनं दहा वर्षं बघितलंय, वयाच्या रकान्यात जन्मतारीख, तारखेच्या रकान्यात "गेल्या शिगम्याला", तिला इंजिनीअरिंगच्या पोरांपेक्षा जास्त सुचतं. माझा भाचा फर्मागुडीला इंजिनीअरिंग करतोय, तो एकदा बाजूला बसून बघत होता, म्हणाला, "मावशी, एवढं सगळं वाकडं कोण टाइप करेल?" मी म्हटलं, बाबा, तू एकदा आमच्या कँटीनच्या कुपनाचे फॉर्म बघ.

पाचवा आठवडा टेस्टिंगचा, म्हणजे आपला कोड बरोबर उत्तर देतो का ते तपासणारा कोड लिहायचा. बरेच जण हा उरकून टाकतात, कृपा करून उरकू नका. सहावा फायलींचा, सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, वाचायची लिहायची. सातव्यात रेग्युलर एक्स्प्रेशन्स, म्हणजे मजकुरातला ठरावीक साचा शोधायची पद्धत, हा डोकं पिंजून काढतो, पण त्यात "नऊ ते पाच" या वेळा २४ तासांच्या घड्याळात बदलायचा एक प्रॉब्लेम आहे आणि ज्यांनी कधी शिफ्टचं काम केलंय त्यांना तो करताना मजा येईल. आठवा ऑब्जेक्ट ओरिएंटेड, लेक्चर लांबलचक, मी तुकडे पाडून बघितलं. नववा सुटसुटीत.

आता प्रोजेक्टबद्दल नीट लिहिते, कारण माझ्या मते अख्ख्या कोर्सची किंमत इथे वसूल होते. नियम साधे आहेत, एक मुख्य फाइल, त्यात मेन सोडून निदान तीन फंक्शन, त्यांच्या टेस्ट, एक रीडमी म्हणजे माहितीची फाइल, आणि तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओ. विषय तुमचा. बरेच जण गेम करतात, कोणी हवामानाचं करतं. मी रोस्टर घेतलं.

आमच्याकडे तीन शिफ्ट, फर्स्ट सकाळी ६ ते २, सेकंड २ ते १०, नाईट १० ते ६. वरून बघितलं तर प्रत्येकाला आठ तास काम, सोळा तास सुट्टी, कायद्यात सगळं बसतं. पण कोणी दांडी मारली की सुपरवायझर दुसऱ्याला ओढतो, आणि मंगळवारी रात्री १० ला सेकंड संपवलेली बाई बुधवारी सकाळी ६ ला फर्स्टला हजर. मधे आठ तास. त्यातून वेर्ण्याहून डिचोलीपर्यंतची कंपनीची बस, वाटेत सगळ्यांना सोडत सोडत, घरी पोचून जेवण, भांडी, सकाळी पिकअप पावणेपाचला कारण ती पहिली चढणारी. झोपायला जेमतेम चार तास. आणि ही बाई शुक्रवारी माझ्यासमोर बसून म्हणते ताई हल्ली विसरायला होतं. युरोपियन युनियनच्या नियमात चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती द्यावीच लागते, २००३ ची त्यांची डायरेक्टिव्ह आहे, तर मी तोच आकडा धरला. प्रोग्रामचं काम एवढंच की रोस्टरची सीएसव्ही वाचायची, एका माणसाची एक शिफ्ट संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचे तास मोजायचे, आणि ११ च्या खाली असेल तिथे लाल खूण.

ऐकायला सोपं वाटतं ना. आता नाईट शिफ्ट घ्या. रोस्टरमध्ये १२ तारखेच्या रकान्यात लिहिलेलं असतं नाईट. सुरुवात १२ ला रात्री १०, शेवट सकाळी ६. साधा हिशोब लिहिला तर कॉम्प्युटर शेवटसुद्धा १२ तारखेलाच धरतो, म्हणजे शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच संपली. त्या बाईला १३ ला दुपारी २ ची सेकंड लावली असेल तर प्रोग्राम खुशाल सांगतो ३२ तास विश्रांती झाली, छान आहे. खरं तर ती १३ ला सकाळी ६ ला सुटली आणि दुपारी २ ला परत हजर, आठ तास, तेही दिवसा, पोरं घरात, शेजारी मिक्सर चालू. उपाय एका ओळीचा आहे, शेवटची वेळ सुरुवातीच्या आधीची निघाली तर त्यात टाइमडेल्टानं, म्हणजे पायथनच्या वेळ मिळवायच्या सोयीनं, एक दिवस मिळवायचा. पण ती ओळ लागते हे कळायला पाचव्या आठवड्याची टेस्ट लिहायची सवय पाहिजे, मी आधी टेस्ट लिहिली की नाईटनंतर सेकंड आली तर उत्तर ८ यायला हवं, टेस्ट लाल झाली, ओळ घातली, हिरवी झाली. आणि खरं महत्त्वाचं हे, की कोणती टेस्ट लिहायची हे मला कोर्सनं शिकवलं नाही, ते मला त्या बायकांनी शिकवलं होतं. ज्यानं नाईट संपवून परत दुपारी आलेला चेहरा बघितलेला नाही त्याला ३२ हा आकडा बघून काही खटकणारच नाही.

दुसरं एक फंक्शन घातलं शिफ्ट कुठल्या दिशेनं फिरते ते बघायला. फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट असं पुढे पुढे सरकलं तर शरीराला जुळवून घ्यायला सोपं जातं, उलट्या दिशेनं फिरवलं की त्रास जास्त, हे शिफ्टवर अभ्यास करणारे कधीपासून सांगतायत. तेही प्रोग्राम दाखवतो.

हे मी मॅनेजमेंटला दाखवलं तेव्हा पहिल्यांदा माझं म्हणणं कोणी मधेच तोडलं नाही. आधी मी म्हणायचे बायका थकतायत, आणि उत्तर यायचं मॅडम सगळेच थकतात. आता समोर एका महिन्याचा कागद आणि त्यावर लाल खुणा. सगळं बदललं असं म्हणणार नाही, पण सेकंडनंतर लगेच फर्स्ट लावायचं झालं तर आता वरची सही लागते.

एक कळकळीची विनंती यातच करते. वेलबीइंगचं काहीही सॉफ्टवेअर बनवाल तर माणसांची नावं त्यात घालू नका. मी रोस्टरमधून नावं काढून खोटे कोड घातले, ती यादी माझ्याकडेसुद्धा ठेवली नाही. मधे मला कोणी सुचवलं की डब्ल्यूएचओ-५ ची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची मन कितपत बरं आहे ते विचारणारी, प्रश्नावली पण जोड, ती फार सोपी आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच वाक्यं, प्रत्येकाला ० ते ५, बेरजेला ४ नं गुणलं की शंभरपैकी आकडा, ५० किंवा कमी आला तर पुढे बोलून बघायला हवं. पायथनमध्ये दहा ओळींचं काम. तरी मी हट्ट धरला की निकाल फक्त गटाचा दिसेल आणि गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर काहीच दिसणार नाही, कारण सुपरवायझरच्या हातात एकटीचा आकडा गेला की ती पुढच्या वेळी सगळीकडे ५ लिहून मोकळी होणार, आणि खरी मदत लागणारी तिथेच हरवणार. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे असंच करायला हवं. आणि कोणाचा आकडा खूप खाली असेल तर अॅपनं त्याला सल्ले देत बसू नये, सरळ टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दाखवावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता अर्धा स्टार. कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे आणि मालन सर बोलतात भरभर. सबटायटल आहेत, स्पीड कमी करता येतो, तरी मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले दोन आठवडे जड जातात. उदाहरणं सगळी अमेरिकेची. टिप किती द्यायची, मॅसॅच्युसेट्सच्या गाडीच्या नंबरप्लेटचे नियम, २५ सेंटचं नाणं. एक तारखांचा प्रॉब्लेम आहे त्यात महिना आधी आणि दिवस नंतर, आपल्याकडच्या माणसाचा हात सवयीनं उलटाच लिहितो. प्रोग्रामिंग येत नाही म्हणून अडलं की अमेरिका माहीत नाही म्हणून अडलं, हे नवख्याला कळत नाही, आणि तो स्वतःलाच मठ्ठ समजून सोडून देतो. म्हणून सांगते, प्रश्न आधी मराठीत वहीवर लिहून काढा, काय दिलंय, काय पाहिजे, मग कीबोर्डला हात लावा.

एआयचं पण विचारतात लोक. चॅटजीपीटी वगैरे वापरायला कोर्समध्ये बंदी आहे, त्यांचं स्वतःचं एक बदक आहे, म्हणजे बदकाच्या रूपातला एआय मदतनीस, त्याला विचारायचं, ते उत्तर न देता उलट तुम्हाला प्रश्न विचारतं. सुरुवातीला वैताग येतो. पण समुपदेशनात आम्ही तेच करतो, समोरच्याला त्याचं उत्तर त्याच्याच तोंडून काढू देतो, त्यामुळे मला ते बदक फार आवडलं.

फी भरून क्लास लावावा का? आपल्याकडे म्हापशापासून मडगावपर्यंत क्लास आहेत, ऑनलाइनवाले तर दिवसाला दोन फोन करतात, शंभर टक्के जॉब गॅरंटी म्हणतात. सगळे वाईट असतील असं मी म्हणत नाही, कोणी मागे लागल्याशिवाय अभ्यास होत नसेल तर क्लासचा उपयोग आहे. फक्त पैसे भरायच्या आधी विचारा, गॅरंटी म्हणजे काय ते कागदावर द्याल का, मधे सोडलं तर फी परत किती, कर्ज कोणाच्या नावावर निघणार, आणि गेल्या बॅचच्या दोन जणांशी आम्हाला एकट्यानं बोलू द्याल का. माझ्या ओळखीच्या एका बाईची फी कर्जानं भरली गेली, क्लास तिसऱ्या महिन्यात ढेपाळला आणि हप्ते चालूच राहिले. त्या ताणात माणूस काय शिकणार. सीएस५०पी आधी करा, निदान पाचव्या आठवड्यापर्यंत, आवडतंय का ते स्वतःला कळेल, आणि मग वाटलं तर क्लास.

नोकरीबद्दल खरं खरं. नुसत्या या कोर्सवर नोकरी मिळत नाही. मला गिट, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवायचं साधन, शिकावं लागलं, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, शिकावी लागली, त्यासाठी त्यांचाच सीएस५० एसक्यूएल आहे, तोही फुकट. मी आत्ता पणजीतल्या एका छोट्या कंपनीत आहे, कारखान्यांसाठी हजेरी आणि शिफ्टचं सॉफ्टवेअर बनवतात, मी टेस्टिंगवर घेतली गेले आणि हळूहळू कोड लिहायला लागले. पगार पहिल्या वर्षी कमी झाला, घरात ते आधी बोलून घेतलं होतं. मुलाखतीत त्यांनी कोर्सवर पाच मिनिटं घातली आणि रोस्टरच्या प्रोजेक्टवर पाऊण तास. नाईट शिफ्टचं ते ३२ तासांचं ऐकून समोरचा मुलगा लगेच त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बघायला लागला.

आणि सॉफ्टवेअरमध्ये आलं की वेलबीइंगचा प्रश्न संपतो अशा भ्रमात कोणी येऊ नका. इथे घाम नाही, उभं राहणं नाही, पण अमेरिकेच्या क्लायंटचा रात्री साडेदहाचा कॉल आणि सकाळी नऊची मीटिंग, म्हणजे मधे किती तास? मी मोजले, सवय झालीय आता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा तो कामाच्या जागेशी जोडला, आजार म्हणून नोंदवला नाही. थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना, हे तिन्ही मी वेर्ण्याच्या लाइनवर बघितलंय आणि एसीत बसलेल्या पंचविशीच्या पोरांमध्येही बघतेय. त्यामुळे वेल्फेअरवाल्या, नर्सिंगवाल्या, एचआरवाल्या लोकांनी इकडे यायला हवं असं मला फार वाटतं, ऑफिसात कोणीतरी तास मोजणारं पाहिजे.

अभ्यास कुठे करायचा हा प्रश्न बायकांना जास्त पडतो, घरी बसलं की कुकरची शिट्टी आपल्याच नावानं होते. सुट्टीच्या दिवशी मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत जायचे, १८३२ ची लायब्ररी आहे, इमारत आताची नवी, शांत, कोणी उठवत नाही. कदंबा स्टँडवर उतरलं की चालत पोचतो. बाकीच्या दिवशी पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, यायच्या आधीचा एक तास. रात्री जागून केलं नाही आणि कोणी करूही नये, झोप मोडून झोपेचं सॉफ्टवेअर लिहिण्यात अर्थ नाही.

कोणी घ्यावा: ज्यांच्याकडे कामाच्या जागेवरचा एखादा खरा, रोज टोचणारा प्रश्न आहे त्यांनी. इंग्रजी वाचून समजतं आणि आठवड्याला सात-आठ तास निघतात त्यांनी. कोणी थांबावं: ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी, छोट्या स्क्रीनवर कोड लिहिणं म्हणजे डोळ्यांवर अत्याचार, आधी जुना का असेना लॅपटॉप बघा. आणि ज्यांना तीन महिन्यांत नोकरी बदलायचीच आहे त्यांनीही, एवढ्यात होत नाही.

वेल्फेअरमध्ये किंवा एचआरमध्ये कोणी असेल आणि स्वतःच्या रोस्टरवर हे करून बघायचं असेल तर कॉमेंटमध्ये लिहा, रिकामी सीएसव्ही आणि प्रोग्राम दोन्ही देते. कॉलम चारच आहेत, कोड, तारीख, सुरुवात, शेवट. नावाचा कॉलम घालू नका.